वहीतला चुलता

आमच्या हायस्कुलातून मॅट्रिक झालेल्या निम्म्या पोरांचे वडील कागदोपत्री वारलेले आहेत. प्रत्यक्षात ते बिचारे उसाला पाणी पाजत होते, पारावर तंबाखू मळत होते आणि पोरांच्या पाठीत धपाटे घालत होते. पण उत्तरपत्रिकेत ते गेलेले. आणि ह्या सगळ्या पोरक्या लेकरांना एकाच चुलत्यानं लहानाचं मोठं केलेलं. हा चुलता आमच्या इंग्रजीच्या सरांच्या वहीत राहायचा.

सर मूळचे साताऱ्याचे. तरुणपणी दोन हंगाम महाबळेश्वरातल्या कुठल्याशा हॉटेलात पाहुण्यांची नावं रजिस्टरात लिहायला होते. तिथं त्यांनी खऱ्या साहेबाच्या तोंडचं इंग्रजी स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं. एवढ्या भांडवलावर त्यांनी पुढं वीस वर्षं आमच्या गावावर राज्य केलं. गाव सांगलीपासून एसटीनं तासाभरावर, इंग्रजी बोलणारा माणूस तिथं दुसरा नाही, मग त्यांना अडवणार कोण? वैशाखातही कोट घालायचे. घामानं निथळत असायचे, पण कोट काढला तर इंग्रजीही निघून जाईल अशी त्यांना भीती असावी.

इंग्रजीत एक खोड आहे. साधंसुधं क्रियापद असतं, त्याला मागून अप, ऑफ, आउट असलं काहीतरी चिकटतं, आणि अर्थ भलतीकडंच जाऊन बसतो. गिव्ह म्हणजे देणं, पण गिव्ह अप म्हणजे सोडून देणं. ब्रिंग म्हणजे आणणं, पण ब्रिंग अप म्हणजे लहानाचं मोठं करणं. सर ह्यांना शेपटीवाली क्रियापदं म्हणायचे. परीक्षेत ही वाक्यात वापरून दाखवायला सांगत, आणि आमची पोरं तिथंच गार पडत. सरांनी त्यावर तोड काढली होती. एका शेपटीला एक वाक्य. ते सरांनी ठरवायचं, आपण पाठ करायचं, आणि देह पडेपर्यंत त्यातला शब्द हलवायचा नाही.

त्यामुळं आम्ही वर्गातल्या नऊ मुली दोन-दोन वेण्या घालून एका सुरात म्हणायचो की डॉक्टरांच्या सल्ल्यावरून मी सिगारेट ओढणं सोडून दिलं. रन ओव्हरला काल ट्रामखाली कुत्रं सापडलं असं वाक्य होतं. ट्राम आमच्यापैकी कुणी बघितली नव्हती. सरांनीही बघितली नव्हती, असा माझा दाट संशय आहे. आणि ब्रिंग अपला होतं, ‘आफ्टर माय फादर्स डेथ, माय अंकल ब्रॉट मी अप.’ वडील वारल्यावर मला चुलत्यानं लहानाचं मोठं केलं.

बाकीच्यांना ह्या वाक्याचं सोयरसुतक नव्हतं. बाप मारायचा, पाच मार्क घ्यायचे, घरी जाऊन त्याच बापाच्या ताटात जेवायचं. माझी मात्र गोची होती. माझे वडील खरोखरच गेले होते, तापानं, मी चार वर्षांची असताना. चुलताही खरा होता, आमच्या भिंतीला भिंत लावून राहत होता. म्हणजे वाक्याचा पहिला अर्धा भाग वर्गात माझ्याइतका कुणालाच शोभत नव्हता. दुसरा अर्धा माझ्या घशाखाली उतरत नव्हता.

वडिलांचं तेरावं आटोपलं आणि चुलत्यांनी आईचा अंगठा एका कागदावर घेतला. ऊस त्यांच्याकडं राहिला, आम्ही आमच्याकडं राहिलो. आई रोज सकाळच्या पहिल्या एसटीनं सांगलीला हळदीच्या वखारीत हळकुंडं निवडायला जाऊ लागली आणि दिवेलागणीला परत येऊ लागली. तिच्या हातांचा पिवळेपणा दिवाळीच्या उटण्यानंही जायचा नाही. तिनं थापलेल्या भाकरीला कडेनं पिवळी झाक असायची, आणि जगातल्या सगळ्या भाकरी अशाच असतात असं मला कितीतरी वर्षं वाटत होतं. चुलते माणूस वाईट नव्हते म्हणा. फक्त आपण फार चांगले आहोत असं त्यांना अष्टौप्रहर वाटायचं. आषाढात एकदा घरी तळण झालं की चार कानवले आमच्याकडं पाठवायचे, आणि त्या चार कानवल्यांची हकिगत पुढचा आषाढ येईपर्यंत पारावर पुरवायचे.

नववीच्या चाचणीत मी शहाणपणा केला. माय मदर ब्रॉट मी अप, असं लिहिलं. सरांनी त्यावर तांबड्या शाईची फुली मारली आणि मला उभं केलं. वहीत काय आहे, म्हणाले. मी म्हटलं, सर, पण मला आईनं वाढवलंय. वर्ग फिदीफिदी हसला. सर शांतपणे म्हणाले, “परीक्षक वही तपासतो, तुझं घर तपासत नाही. शून्य.” मी मुकाट्यानं शंभर वेळा चुलत्याचं वाक्य लिहून आणलं. शंभरदा लिहिलं तरी ते खरं होईना, पण हात दुखला आणि सवय झाली.

तसं शाळेचंही चुलत्यावाचून अडत होतंच. फॉर्मवर पालकाची सही लागायची. आईचा अंगठा घेऊन गेले तर क्लार्क म्हणाले, अंगठा चालत नाही, घरातला पुरुष माणूस आण. मग चुलते यायचे. बाह्या सरसावायचे, पेन झटकायचे आणि जिभेचं टोक दातात धरून पाच अक्षरांची सही पाच मिनिटांत काढायचे. दरवर्षी एक सही. तेवढ्यावर ते माझे पालक. माझ्या दाखल्यावर, फॉर्मवर, जिथं म्हणून पालक हा रकाना आहे तिथं त्यांचंच नाव. आईचं नाव कशावरच नव्हतं.

मी मॅट्रिक झाले ते चौसष्ट की पासष्ट साल. इंग्रजीत बऱ्यापैकी मार्क पडले. त्याच सुमाराला सांगलीतल्या एका कारखान्याला ऑफिसात टेलिफोनच्या बोर्डावर बसायला माणूस हवं होतं. मॅट्रिक पास, इंग्रजी समजणारं, मुलगा असो की मुलगी. आईला वखारीत कुणीतरी सांगितलं. तिनं अर्ज आणवला, आणि त्यावरही पालकाची संमती लागणार म्हणून पुन्हा चुलत्यांच्या दारात उभी राहिली.

चुलत्यांनी तोवर माझ्यासाठी स्थळ बघून ठेवलं होतं. पाटणकडचा बिजवर, पिठाची गिरणी, दोन लेकरं. हुंडा नको म्हणत होता, आणि चुलत्यांना त्यातच त्याचा सारा मोठेपणा दिसत होता. सही करता करता ते आईला म्हणाले, एकदा जाऊन येऊ दे पोरीला, हौस फिटंल, न्हाई जमलं तर माघात उरकून टाकू. आई पदर सावरून व्हय म्हणाली. घरी आल्यावर मला म्हणाली, “बग बाय. ही एकच खेप हाय आपल्या हातात.”

मुलाखतीला पंधरा जणांना बोलावणं आलं, त्यातले अकरा आमच्या हायस्कुलाचे. सरांची छाती कोटात मावेना. त्यांनी रविवारी सगळ्यांना शाळेत बोलावून घेतलं आणि तयारी करून घेतली. साहेब पहिला प्रश्न काय विचारणार, तर स्वतःबद्दल सांगा. त्याला एकच उत्तर, नावगाव सांगून झालं की शेपटीवाली क्रियापदं ओळीनं. पहिलं ब्रिंग अप. अकरा जणांना एकच उत्तर कसं काय चालेल, हा प्रश्न अकरा जणांपैकी एकालाही पडला नाही. मलाही पडला नाही. वहीच्या बाहेर इंग्रजी असतं ह्याचा आमच्याकडं पुरावा नव्हता.

मुलाखतीच्या दिवशी आईनं वखारीत खाडा केला आणि माझ्याबरोबर आली. ऑफिसात लाकडी पार्टिशन होतं, अर्ध्या उंचीचं. बाहेरच्या बाकावर आम्ही सगळे, आणि आतलं अक्षर न् अक्षर ऐकू येत होतं. पहिला पोरगा आत गेला. नाव, गाव, आणि आफ्टर माय फादर्स डेथ. दुसरा गेला, त्याचेही वडील वारले. तिसऱ्याचे वारले. चौथ्याचे वडील मिलिटरीतून हवालदार होऊन परत आलेले, आणि ते पोराला सोबत म्हणून तिथंच बाकावर बसलेले. पलटणीत कामापुरतं इंग्रजी कानावरून गेलेलं होतं. पोराच्या तोंडून फादर्स डेथ ऐकल्याबरोबर ते ताडकन उठले आणि आजूबाजूला बघत म्हणाले, “आरं, ह्यो कुनाचा बाप मारतोय?” लोकांनी हाताला धरून त्यांना खाली बसवलं. आतून हसण्याचा आवाज येत होता. आधी दबका, मग मोकळा.

माझा नंबर अकरावा. तोवर आमच्या गावातली दहा धडधाकट माणसं त्या खोलीत गेली होती.

आत दोघं होते. मॅनेजर साहेब, चष्मा काढून डोळे पुसत होते. शेजारी हेडक्लार्क, ते रुमाल तोंडाला लावून बसलेले. मी उभी राहिले. साहेबांनी विचारलं, स्वतःबद्दल काही सांगा. माझं तोंड माझ्या परवानगीशिवायच सुरू झालं. नाव, गाव, आफ्टर माय फादर्स डेथ. साहेबांनी हात वर केला आणि पुढचं त्यांनीच म्हटलं, युवर अंकल ब्रॉट यू अप. हेडक्लार्कांच्या रुमालातून फुर्र असा आवाज आला. साहेब इंग्रजीत म्हणाले, ठीक आहे, जा तू. पुढचा पाठवून दे.

मी जागची हलले नाही. काय झालं मला, कोण जाणे. नववीत वर्ग हसला ते चालवून घेतलं. पण तापानं फणफणलेला माझा बाप मला आठवत होता, घोंगडं आठवत होतं, आणि हे दोघं त्यावर डोळे पुसेपर्यंत हसत होते. भडकाच उडाला माझा.

“सर,” मी म्हटलं, “माय फादर इज रिअली डेड.”

हसणं थांबलं. साहेबांनी चष्मा चढवला. मी म्हटलं, अंकल नो. अंकल डिड नॉट. माय मदर ब्रॉट मी अप. साहेबांनी माझा अर्ज पुढं ओढला, पालकाच्या रकान्यावर बोट ठेवलं आणि विचारलं की मग इथं तर अंकलचं नाव आहे. आता ह्याला वहीत वाक्य नव्हतं. कुठल्याच वहीत नव्हतं. मी सापडतील ते शब्द एकापुढं एक ठेवले. अंकल साइन. मदर थंब. थंब नॉट अलाउड. सरांनी ऐकलं असतं तर तिथल्या तिथं कोटासकट कोसळले असते. पण साहेबांना कळलं असावं, कारण ते पहिल्यांदाच मराठीत बोलले. आई आली आहे का, म्हणाले.

आईला आत बोलावलं. ती पदर कपाळापर्यंत ओढून, हात पदरात गुंडाळून दाराशी उभी राहिली. साहेबांनी अगदी आदबीनं विचारलं, “बाई, हिला कुणी वाढवलं?”

आणि माझी आई म्हणाली, “हिच्या चुलत्यानं, सायेब. त्येंच्याच आसऱ्याला हाय आमी.”

संपलं. माझ्या डोळ्यांपुढं पिठाची गिरणी फिरायला लागली. मी खोटारडी ठरले होते, तेही सख्ख्या आईच्या तोंडून. आमच्याकडं घरातल्या थोरल्या माणसाचं उणं परक्यापुढं काढत नाहीत, विधवेनं तर नाहीच नाही. घरात काही मिळो न मिळो, बाहेर नाव त्याचंच सांगायचं. हे मला ठाऊक होतं. पण आजच्या दिवशी, ह्या एका खेपेला, ती जरा विसरली असती तर काय आभाळ कोसळणार होतं? इतका संताप मला चुलत्यांचाही कधी आला नव्हता.

साहेबांनी शिपायाला चहा आणायला सांगितला आणि आईला बसा म्हणाले. ती खुर्चीच्या कडेवर टेकली. कपबशी घेण्यासाठी तिला हात पदरातून बाहेर काढावे लागले. मनगटापर्यंत पिवळे, नखांच्या कडा तर तपकिरी झालेल्या. साहेब सांगलीचे, त्यांना काय सांगायचं? हळदीच्या वखारीत का, म्हणाले. आई व्हय म्हणाली. किती वर्षं झाली, असं त्यांनी विचारलं. आई म्हणाली, ही चार वर्साची हुती तवापासनं. साहेबांनी मान हलवली. चुलते काय करतात, हे विचारलं नाही. अर्जावर काहीतरी खरडलं आणि आम्हाला जायला सांगितलं.

स्टँडवर एसटीची वाट बघत मी आईवर तोंड टाकलं. मनात होतं नव्हतं ते सगळं ओकले. आता दे मला गिरणीत, म्हटलं. आन तुझ्या थोर दिराला सांग, अक्षता टाकायला या. ती ऐकत राहिली. माझं संपल्यावर म्हणाली, “तुला म्या वाडवली हे मला ठावं हाय, तुला ठावं हाय. सायबाला सांगून आनी काय हुनार हुतं?”

नोकरी मिळाली असती, मी ओरडले. एसटी सांगलीबाहेर पडल्यावर तिनं हळूच विचारलं की तू आत त्या सायबावर वरडत हुतीस ते काय हुतं. मी फुरंगटून बसले होते, तरी सांगितलं. ब्रॉट अप. म्हणजे लहानाचं मोठं केलं. त्यांना सांगितलं की तू केलंस. ती खिडकीबाहेर बघत पुटपुटली, ब्राटाप. मग पुन्हा एकदा. गाव येईपर्यंत तिचे ओठ हलत होते. मला वाटलं, म्हातारपण लागलं आईला. तेव्हा ती उणीपुरी छत्तीस वर्षांची होती.

तीन आठवड्यांनी पत्र आलं. पालकाच्या नावानं, अर्थातच, म्हणजे चुलत्यांच्या दारात. इंग्रजी पत्र वाचायला सरांना बोलावणं गेलं. सरांनी कोटाची बटणं लावली, पत्र हातभर लांब धरलं आणि जाहीर केलं की नेमणूक झाली आहे, पहिल्या तारखेला हजर व्हायचं. अकरांतून मी एकटीच लागले होते. सर म्हणाले, शेवटी वहीनंच तारलं. नववीत त्यांनी मला शून्य दिलं होतं, आज मीही त्यांना ते देऊ शकत होते, पण दिलं नाही. नोकरी लागल्याचं बरं वाटलं होतं ना.

चुलत्यांनी पेढे आणवले. आमच्या गावात पेढे मिळत नसत, खास सांगलीहून आणवले, आणि हे ते प्रत्येकाला पेढ्यासोबत सांगत होते. ओटा माणसांनी भरला. बिजवराचं स्थळ ह्या गर्दीत कुठल्या कुठं गेलं, त्याचं कुणी नावही काढलं नाही. चुलते मधोमध बसले होते आणि भरल्या गळ्यानं सांगत होते की भाऊ गेला तेव्हा ही पोर एवढीशी होती, बापाची माया दिली हो, पोटच्या पोरांपेक्षा जास्त केलं, म्हणून आज हा दिवस. लोक माना डोलावत होते. सरही डोलावत होते. मी उंबऱ्याच्या आत दात आवळून उभी होते. वहीतला चुलता अखेर वहीतून उतरून ओट्यावर येऊन बसला होता आणि लोकांना पेढे वाटत होता.

आई माझ्यामागं होती. थोरल्या दिरापुढं तिनं आजवर मान वर केली नव्हती, व्हय आणि न्हाई ह्यांपलीकडं शब्द काढला नव्हता. ती मला बाजूला सारून पुढं झाली. पदर कपाळावर होता तसाच होता, नजर जमिनीकडं होती तशीच होती. अगदी मर्यादेनं, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणाली, “आवं भावजी, हिला ब्राटाप म्या केली.”

सरांचा पेढा अर्ध्या वाटेत थांबला. आई सोडली तर तिथं त्या शब्दाचा अर्थ कळणारी दोनच माणसं होती, आणि त्यांतल्या एकानं मला त्याच शब्दावर शून्य दिलं होतं. सरांनी आईकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि मग पायातल्या वहाणांकडं बघत बसले.

चुलत्यांना वाटलं, बाई काहीतरी चांगलं बोलली. त्यांनी समाधानानं मान हलवली.

“व्हय तर,” ते म्हणाले, आणि पेढ्यांचं खोकं तिच्यापुढं धरलं.

आईनं पिवळ्या हातानं त्यातला एक पेढा उचलला आणि माझ्या तोंडात घातला.